झाडावरचं निर्माल्य

शिवकांत कूलरवाल्याच्या घरामागं एक खोली आहे. तिला दार आहे, छप्पर म्हणून हिरवी जाळी आहे, पण भिंती नाहीत. भिंतींच्या जागी कूलरच्या लोखंडी चौकटी उभ्या केल्यात, त्यांत वाळा भरलाय आणि वरून पाण्याची बारीक धार सतत ठिबकत असते. गल्लीतले लोक तिला 'महेश्वरीचं कोकण' म्हणतात. सुरुवातीला चेष्टेनं म्हणायचे. आता पत्ता सांगतानाही तेच म्हणतात.

परभणीत मे महिन्यात दुपारी दाराच्या कडीला हात लावता येत नाही. अशा गावात सह्याद्रीच्या दाट, सदा ओल्या जंगलातली आमरी, म्हणजे ऑर्किड, वाढवायची, हे ऐकलं की लोक आधी महेश्वरीच्या तोंडाकडं बघायचे आणि मग शिवकांतकडं, तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना, अशा नजरेनं. महेश्वरीला त्याचं काही वाटत नसे. "यील की. कामून यायचं न्हाई?" एवढं म्हणून ती कामाला लागायची. 'बघू', 'जमलं तर', 'नशिबात असंल तर' असली वाक्यं तिच्या तोंडात बसतच नसत. या खात्रीचा काही जणांना राग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा.

ती राणीसावरगावची. वडिलांचं किराणा दुकान, लिंगायताचं घर, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पोटात चहाचा घोट जायचा नाही. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी झाली आणि लग्न होऊन ती परभणीला आली. नवरा कूलर बनवून विकणारा आणि दुरुस्त करणारा, म्हणजे उन्हाळाभर तोंड दिसत नाही आणि हिवाळाभर घरातून हलत नाही असा. सासू गंगम्मा. ही बाई उंचीनं लहान आणि आवाजानं मोठी. गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. सुनेनं नोकरी करावी की नाही, यावर गंगम्माचं मत कुणी विचारलं नाही, आणि महेश्वरीनं तर कुणाचंच विचारलं नाही.

नोकरी मिळाली ती व्यंकटरावांच्या लॅबमध्ये. गावाबाहेर शेतात उभी असलेली ही लॅब केळीची रोपं बाटलीत वाढवते. केळीच्या कोंबाचा कणभर तुकडा काढायचा, तो साखर आणि खतं मिसळलेल्या जेलीवर ठेवायचा, बाटली बंद करायची. आतल्या हवेत एक जंतू शिरला की बाटली गेली. म्हणून डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, चिमटा दर वेळी दिव्यावर तापवायचा आणि हात काचेच्या पेटीत, जिथं गाळलेली हवा वाहत असते. महेश्वरीचा हात या कामात बसला. व्यंकटराव माणूस तोंडानं फटकळ, पण त्यांनी सहा महिन्यांत तिला इतर बायकांवर देखरेखीला नेमलं. "हात असावा तर असा. नुसता जिभेवर भरवसा असणारे लय बघितले," असं ते म्हणाले. महेश्वरीला त्यात नवल वाटलं नाही. तिला ते आधीच माहीत होतं.

आता ही आमरी परभणीत आली कशी? तर उत्तरामुळं. उत्तरा कृषी विद्यापीठात शिकत होती तेव्हा यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायची. गंगम्माच्या हातची ज्वारीची भाकरी खाऊन ती परीक्षा पास झाली, असं गंगम्मा अजून सांगते. पुढं उत्तरा कोल्हापूरकडं एका संस्थेत लागली. सह्याद्रीच्या जंगलातली जी फुलं संपत आली आहेत ती राखायची, हे तिचं काम. एक दिवस तिचा फोन आला.

"महेश्वरीताई, एका शेंगेचं बी पाठवते. बाटलीत पेराल का?"

गोष्ट अशी होती. एका डोंगराच्या खांद्यावर मोजक्या झाडांच्या फांद्यांवर ही पांढरी आमरी उगवायची. ती मातीत वाढत नाही. झाडाच्या सालीला धरून बसते आणि हवेतली ओल पिऊन जगते. हौशी लोकांना विकायला चोरट्यांनी फांद्यांसकट ओरबाडून नेली आणि शेवटी एका म्हाताऱ्या झाडावर थोडी उरली. तिचं बी म्हणजे नुसती धूळ. मोठ्या बियांच्या पोटात जशी शिदोरी असते तशी या धुळीत काहीच नसते. जंगलात एक ठरावीक बुरशी तिला भरवते तेव्हा ती रुजते. बाटलीत मात्र तोच घास जेलीतून देता येतो. उत्तराच्या संस्थेत हे काम चालू होतं, पण तिकडच्या दमट हवेत कितीही जपलं तरी नको ती बुरशी बाटलीत शिरायची. तिला ही रोपं आणखी एका ठिकाणी, कोरड्या हवेत हवी होती. म्हणजे एकीकडं काही बरंवाईट झालं तर दुसरीकडं वाण राहील.

"पाठव की," महेश्वरी म्हणाली. व्यंकटरावांना तिनं नंतर विचारलं.

व्यंकटराव थोडे कुरकुरले. केळीच्या रॅकवर पाहुणे नकोत, वीज किती लागते, वगैरे. मग म्हणाले, "एक फळी देतो. पण बाटलीतलं माझ्या छपराखाली, बाटलीबाहेरचं तुझं तू बघ. माझ्या शेडमदी ऊन लय असतंय, मेलं तर माझ्या नावानं बोंब नको."

पहिल्या वेळी सगळ्या बाटल्या नासल्या. जेलीवर पांढरे तंतू, मग राखाडी लव. महेश्वरीच्या केळीच्या बाटल्या स्वच्छ आणि आमरीच्याच तेवढ्या नासलेल्या. तिनं चिमटे बदलले, दिवा बदलला, जेली दोनदा शिजवली, बाटल्या धुणाऱ्या कडूबाईला उगाच दोन शब्द सुनावले. कडूबाईनं दोनाचे चार परत केले. शेवटी एका बाटलीत तिला बुरशीच्या वर्तुळाच्या बरोबर मध्ये एक करडा कण दिसला. तिनं भिंग लावून बघितलं आणि मग हळूच आपल्या कपाळाला हात लावला. बोटाला भस्म आलं.

केळीचा तुकडा दोन क्षणांत बाटलीत जातो. आमरीची धूळ जेलीवर सारखी पसरायची तर बाटलीवर वाकून राहावं लागतं, आणि वाकलं की टोपीखालचे ते सुकलेले पट्टे हळूहळू झडत होते. रोज सकाळी आंघोळ करून, पूजा करून, कपाळभर भस्म लावून महेश्वरी मोठ्या श्रद्धेनं बाटल्यांत बुरशी पेरत होती. परभणीतल्या दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये ही चूक झाली असेल असं वाटत नाही.

ती मोठ्यानं हसली, कडूबाईची माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी कपाळ धुऊन लॅबला निघाली. उत्तरानं निम्मं बी राखून ठेवलं होतं, ते मागवलं. पण दारात गंगम्मा उभी होती.

"कपाळ मोकळं घेऊन चाललीस?"

"आत्या, भस्म बाटलीत पडायलंय. बी नासायलंय. संध्याकाळी आले की लावते की."

"भस्मानं नासतंय?" गंगम्माला ते पटेना. "भस्मानं पवित्र हुतंय तमाम जग, अन् तुझी बाटली तेवढी नासायली व्हय? आमच्या घराण्यात बाई मोकळ्या कपाळानं उंबऱ्याबाहेर गेली न्हाई कधी."

महेश्वरी गेली. तिचं बरोबरच होतं, पण बरोबर असणाऱ्या माणसाला समोरच्याचं दुखणं जरा कमीच दिसतं. त्या दिवसापासून रोज सकाळी ती निघताना गंगम्मा तोंड फिरवून वाती वळत बसायची. भांडण असं नव्हतं. सल मात्र राहिला.

नव्या बाटल्या स्वच्छ राहिल्या. धूळ हिरवी झाली, हिरव्या ठिपक्यांना पानं फुटली, मुळं आली. दीड-दोन वर्षांनी रोपं बाटलीबाहेर काढायची वेळ आली तेव्हा शिवकांतनं पहिल्यांदा या प्रकरणात लक्ष घातलं. हिवाळा होता, हात रिकामे होते. "ओल पायजे, गारवा पायजे, वारं पायजे, एवढंच ना? मग हे तर कूलरच हाय. फक्त माणसानं बाहेर बसायचं अन् झाडानं आत," असं म्हणून त्यानं ती खोली उभी केली. बोअरचं पाणी खारं, म्हणून छतावरचं पावसाचं पाणी टाकीत धरलं. आंब्याच्या सालीच्या तुकड्यांना सुती दोऱ्यानं एकेक रोप बांधून महेश्वरीनं टांगलं. बघायला गल्ली लोटली.

आणि मग रोपं मरायला लागली. कोंबाशी काळी पडायची, गळून जायची. सालीवर मुंग्यांच्या रांगा. महेश्वरीनं उत्तराला फोटो पाठवले, औषधं फवारली, पाणी कमी केलं, वारा वाढवला. काही केल्या थांबेना. एक दिवस डोकं दुखतं म्हणून ती लॅबमधून लवकर आली तर कूलरच्या खोलीत गंगम्मा तांब्या घेऊन उभी होती आणि एकेका रोपावर पळीपळीनं काहीतरी सोडत होती.

"आत्या, काय करायलाव?"

"तीर्थ घालायले. नुसतं पाणी मारतीस तू. लेकराला नुसत्या पाण्यावर ठिवतंय का कुणी?"

पूजेचं तीर्थ. त्यात दूध, साखर, भस्म. रोज सून गेली की सासू तिच्या रोपांना अभिषेक घालत होती. मुंग्यांना आणि कुजीला आणखी काय हवं?

महेश्वरी त्या दिवशी बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. गंगम्मा आधी ऐकत राहिली, मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "देवाचं तीर्थ घातलं गं, इख घातलं का? तू माझ्या भस्माला बी न्हाई म्हणलीस. म्हणलं, तीर्थ तरी चालंल." ही एवढी मोठ्या आवाजाची बाई तांब्या पोटाशी धरून पायरीवर बसली. महेश्वरीला भडभडून आलं. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "आत्या, असं करू. हिला पयलं फूल येईल ना, ते तुमच्या लिंगाला. तुमच्या हातानं वाहायचं. पण तोवर तीर्थ घालायचं न्हाई."

"शबूद?"

"शबूद."

शब्द देताना तिला कसलीही फिकीर नव्हती. अजून बरीच रोपं शिल्लक होती, प्रत्येकाला फुलं येणार, पाच-पन्नास फुलांतलं एक देवाला गेलं तर काय बिघडलं? ती मनात फुलांचे घोसच बघत होती.

पण घोस काही आले नाहीत. एका उन्हाळ्यात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि कूलरची खोली भर दुपारी भट्टी झाली. शिवकांत दुकान टाकून धावत आला. नवरा-बायकोनं ओल्या चादरी टांगल्या, आळीपाळीनं पाणी मारलं, गंगम्मा पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली. वीज आली तोवर बरीचशी रोपं शिजून गेली होती. पुढच्या वर्षी गोगलगायींनी हात मारला. कोल्हापूरकडं उत्तराच्या बाटल्या बुरशीनं गेल्या त्या गेल्याच. होता होता परभणीच्या कोकणात दोन आमऱ्या उरल्या. एक कायम किरकिरी. दुसरी मात्र दणकट, मुळं सालीवर घट्ट आवळून बसलेली. "हीच फुलंल," महेश्वरी म्हणायची. तिच्या आवाजात तसूभर फरक पडला नव्हता. लॅबमध्ये कडूबाई विचारायची, "उरल्या किती?" तर म्हणायची, "लागतात तेवढ्या."

आणि ती फुलली. श्रावण लागताना दणकट आमरीच्या पेरातून एक देठ आला, देठावर एक कळी. एकच. आनंद सगळ्यात जास्त गंगम्माला झाला. ती रोज कळीला हात जोडू लागली. गल्लीत सांगत सुटली, "सोमवारी आमच्या लिंगाला जंगलाचं फूल. असं फूल परभणीत कुनी वाहिलं नसंल."

त्याच आठवड्यात उत्तराचा फोन आला. एरवी भराभर बोलणारी उत्तरा थांबून थांबून बोलत होती. आषाढातल्या पावसात डोंगराचा खांदा खचला होता. म्हातारं झाड मुळासकट दरीत गेलं, आमऱ्याही गेल्या. खूप शोधल्यावर दूर दुसऱ्या रानात एक फुललेलं रोप सापडलं. तिनं त्याचे पराग काढून घेतले, पण ते रोपही मरणाला टेकलेलं, शेंग धरण्याच्या लायकीचं नव्हतं. "ताई, तुमच्याकडं एक तरी कळी आहे का हो? मी पराग पाठवते. त्या फुलाला शेंग धरली तर हजारो रोपं होतील. नाहीतर..."

"कळी हाय," महेश्वरी म्हणाली. "पाठव. शेंग धरंलच."

फोन ठेवल्यावर तिला शब्द आठवला.

फूल तोडलं की शेंग नाही, हे कुणालाही कळण्यासारखं आहे. त्या एका फुलात परागाची बारीक गोळी लावायची आणि पुढं कित्येक महिने ते झाडावरच पोसू द्यायचं, तेव्हा कुठं बी. आणि त्याच फुलाची वाट एक म्हातारी बाई इतकी वर्षं बघत होती, तीर्थाचा तांब्या खाली ठेवून. आयुष्यात पहिल्यांदाच महेश्वरीला काय करावं ते कळेना.

रविवारी फूल उमललं. पांढरं स्वच्छ, ओठावर एक पिवळी रेघ. शेजारची बायनाबाई बघायला आली आणि कौतुकानं नाक पुढं करून वाकली, तशी गंगम्मा कडाडली, "ए बायना! हुंगू नको! हुंगलेलं फूल देवाला चालतंय का?" बायनाबाई दचकून इतकी मागं सरली की ठिबकणाऱ्या वाळ्याला टेकली आणि पाठ भिजवून घरी गेली.

संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून परागाची कुपी आली. ती घेऊन येताना शिवकांतनं गाडीवरच बायकोला हिकमत सांगितली. "सोपं हाय. तू हुंगून टाक. मग आईच म्हणंल, हे फूल न्हाई चालत. तुझा शबूद बी ऱ्हायला अन् फूल बी ऱ्हायलं."

घरी आल्यावर महेश्वरी कूलरच्या खोलीत गेली आणि फुलासमोर उभी राहिली. गंगम्मा आत दिवाबत्ती करत होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नुसती मान पुढं करायची होती. वेलदोड्यासारखा एक मंद वास आपणहून तिच्याकडं आला आणि ती झटकन दोन पावलं मागं झाली. ज्या बाईनं देवाचं म्हणून तीर्थ घातलं, तिला आपण देवाच्याच नावानं फसवायचं? रोपं मारली तेव्हा गंगम्मानं फसवून मारली नव्हती. महेश्वरीला स्वतःचाच राग आला आणि त्याहून जास्त शिवकांतचा, कारण त्याच्यावर रागावणं सोयीचं होतं.

ती तडक देवघराशी गेली.

"आत्या, एक सांगायचंय. फूल तुमचं हाय. शबूद दिलाय, तो मी मोडणार न्हाई. पण काय होतंय ते समदं ऐकून घ्या. मग सकाळी तुमी म्हणाल तसं." आणि तिनं सगळं सांगितलं, दरीत गेलेलं झाड, कुपीतले पराग, फुललेली ही एकच आमरी आणि तिचं एकच फूल. रडून नाही, विनवून नाही. जसं होतं तसं.

गंगम्मानं विचारलं, "तोडलं की बी न्हाई?"

"न्हाई."

"अन् फिरून यील का फूल?"

इथं महेश्वरीला 'यील की' म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. "सांगता येत न्हाई, आत्या," ती म्हणाली. या घरात तिच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच ऐकू आलं, आणि गंगम्मानं चमकून तिच्याकडं बघितलं. मग ती वाती वळत बसली.

सोमवारी सकाळी गंगम्मानं आंघोळ केली, धुवट पातळ नेसली, भस्माचे पट्टे ओढले आणि देवघरात न बसता मागच्या दारानं निघाली. महेश्वरी कात्री घेऊन खोलीत उभी होती. कात्री तिनं गरम पाण्यात उकळून घेतली होती. कापायचंच तर रोपाला इजा नको, एवढा विचार तिच्या हाताला त्याही वेळी सुटला नव्हता. चेहरा मात्र उतरला होता.

"ती कातर ठिव तिकडं," गंगम्मा म्हणाली.

"आत्या..."

"ठिव म्हणते ना."

गंगम्मानं गळ्यातली डबी उघडली. काळंभोर, गुळगुळीत इष्टलिंग काढून तिनं डाव्या तळहातावर घेतलं, रोज पूजेला घेते तसंच. उजव्या हातानं त्याच्यावर पाण्याचे थेंब सोडले, भस्म लावलं, बेलाचं पान ठेवलं. मग ती चवड्यांवर उंच झाली. आमरी टांगलेली होती तिच्या डोक्याच्या वर, आणि बाई उंचीनं लहान. तळहात वर वर नेत तिनं लिंग फुलाच्या खाली धरलं. तरी दोन बोटं अंतर उरलं. महेश्वरीच्या लक्षात आलं, तिनं सासूच्या कोपराला आपल्या हाताचा आधार दिला. फूल लिंगाला टेकलं. पांढऱ्या पाकळ्या त्या काळ्या गोलाईवर अलगद विसावल्या, देठ जसा होता तसाच झाडाला धरून.

गंगम्मानं डोळे मिटले. ओठ हलत राहिले. नंतर तिनं हात खाली घेतला, लिंग कपाळाला लावलं, आणि सुनेकडं बघून आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "त्यात काय एवढं? देऊळवाल्यांचा देव जाग्याचा हालत न्हाई, म्हणून त्यांना फूल तोडून न्यावं लागतंय. माझा देव गळ्यात असतो. फूल जिथं हाय तिथं त्याला न्यायचं. समद्या रातीत मला एवढं सुचलं न्हाई, पहाटं आंघोळीला बसले अन् सुचलं."

महेश्वरीला हसूही आलं आणि रडूही.

"बघत काय बसलीस? वाहून झालं. आता हा परसाद हाय. कर तुझं काम."

महेश्वरीनं डोळे पुसले, हात धुतले, सुईच्या टोकावर परागाची पिवळी गोळी घेतली. फुलाच्या मध्ये एक बारका दांडा असतो आणि त्याच्या पोटाशी चिकट खोबण. गोळी तिथं लावायची. तिचा हात जराही हलला नाही. दारातून शिवकांत आणि कुंपणावरून बायनाबाई श्वास धरून बघत होते. गोळी बसली.

दोन दिवसांत फूल मिटलं, पिवळं पडलं, लोंबायला लागलं. गल्लीत कुजबुज झाली की गेलं. महेश्वरी म्हणाली, "असंच होतंय. धरलंय." आठवड्यानं देठ फुगला, दसऱ्यापर्यंत बोटाएवढी हिरवी शेंग झाली. देवाला वाहिलेलं फूल म्हणजे निर्माल्य. ते पायदळी येऊ द्यायचं नसतं, पाण्यात सोडायचं असतं. गंगम्मानं या निर्माल्याच्या खाली आपलं धुवट पातळ फाडून झोळी बांधली, शेंग गळालीच तर जमिनीला लागू नये म्हणून. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दुरूनच दाखवायची. "हात लावू नका. लिंगाचं हाय."

थंडी सरता सरता शेंग पिवळी झाली. उत्तरा स्वतः परभणीला आली, माडीवर उतरली, दोन दिवस भाकरी खाऊन गंगम्माला तृप्त केलं. लॅबच्या काचेच्या पेटीत महेश्वरीनं शेंग चिरली. व्यंकटराव केळीचं काम सोडून मागं उभे होते आणि एकदाही फटकळ बोलले नाहीत. शेंगेतून बी सांडलं, करडं-पांढरं, पिठाहून बारीक, फुंकर मारली तर उडून जाईल असं. निम्मं उत्तराच्या कुपीत गेलं, निम्मं परभणीच्या बाटल्यांत. या वेळी व्यंकटरावांनी एक नाही, दोन फळ्या दिल्या, आणि दिल्या हे कुणाला सांगू नको म्हणाले.

कागदावर थोडी धूळ चिकटून उरली होती. उघड्या हवेला लागलेली, बाटलीत घालण्यासारखी नव्हे. कडूबाई कागद टाकायला निघाली तर महेश्वरीनं तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. घरी आल्यावर तिनं तो गंगम्मापुढं उलगडला.

"हे बी? एवढंसं?" गंगम्मा कितीतरी वेळ बघत राहिली. "हे तर भस्मच हाय की गं."

"दिसायला हाय खरं."

"यातून जंगल हुतंय?"

"हुतंय की. कामून व्हायचं न्हाई?"

गंगम्मानं ओली तीन बोटं त्या धुळीत टेकवली आणि सुनेला जवळ ओढलं. इतकी वर्षं रोज सकाळी मोकळं जाणारं ते कपाळ तिनं एकदा डोळे भरून बघितलं.

"हे तुझ्या बाटलीतलंच हाय," ती म्हणाली. "आता याला तरी न्हाई म्हणू नको."

महेश्वरीनं मान खाली केली आणि गंगम्मानं तिच्या कपाळावर तीन पट्टे ओढले.